अर्ध्या टाकीखाली

गॅरेजात नेली की गाडी
पाहुण्यांपुढच्या पोरासारखी गुणी.
एका आवाजात चालते, धूर नाही, खोकला नाही.
कय्यूम मिस्त्री बोनेटवर तळहात ठेवून ऐकतो,
म्हणतो, ‘भाभी, काहीच तं नाही झालं इले.’

आणि मंगळवारी घाटंजीच्या बाजाराला जाताना
मागे बावीस पोती कांदा, समोर चढण,
शालिकचा पाय तळापर्यंत दाबलेला,
गाडी मात्र
कोणी मागून पदर धरावा तशी.
तिसऱ्यावरून दुसरा, दुसऱ्यावरून पहिला,
मागच्या ट्रकचा हॉर्न,
मग कडेला, सागाच्या वाळल्या पानांवर चाकं.

दहा मिनिटं थांबायचं.
शालिक बिडी ओढतो,
मी उतरून मागच्या चाकाला दगड लावते.
परत किल्ली फिरवली
की जसं काही झालंच नव्हतं.

फिल्टर बदलला. दोनदा.
पंप काढून यवतमाळला नेला, सात हजार.
नोझल धुतले.
हवा धरते का म्हणून पारदर्शक नळी जोडून
अर्धी दुपार बुडबुड्याची वाट पाहिली,
एक नाही आला.
शालिकच्या मामानं पुढचं लिंबूसुद्धा बदलून पाहिलं.

मी सातवी शिकलेली. उधारीची वही माझ्याकडे.
तीच उलटी धरून
मागच्या पानापासून लिहायला लागले:

अकोलाबाजारची चढण, अठरा पोती, डिझेलचा काटा पावाच्या जरा वर.
आर्णी रोड, सपाट, पण ट्रॅक्टरच्या पुढे निघत होतो. काटा पावावर.
परतीला, रिकामी: नाही.
चोवीस पोती, तीच चढण, टाकी त्याच सकाळी भरलेली: नाही.
पारव्याच्या अलीकडे, भर उन्हात, शालिक शिव्या देत होता. काटा लिहायचा राहिला.

सव्वीस ओळी झाल्या.
एका बाजारी गिऱ्हाईक नव्हतं,
तराजूमागे बसून आडवं वाचणं सोडलं
आणि नुसता शेवटचा रकाना वरून खाली वाचला.
अर्ध्याच्या वर
एकदाही नाही.

‘मिस्त्रीले कांद्याचा हिशोब काहून दावून राहिली?’ शालिक म्हणाला.
कय्यूमनं हात पुसले, चष्मा लावला,
दोन पानं वाचली, परत मागे गेला, परत वाचली.
मग बोनेट उघडलंच नाही.
सरळ गाडीखाली शिरला.

टाकी उतरली. डिझेल डब्यात ओतलं,
तळाला गंजाची बारीक भुकटी.
आणि तारेच्या आकड्याला लागून वर आला
तळहाताएवढा तुकडा,
दुधाच्या पिशवीचा.

‘हेच. इंजन जोर मांगते, डिझेल खिचते,
हे जाऊन नळीच्या तोंडावर बसते.
गाडी बंद, खिचणं बंद.
मंग हे आपलं खाली, आरामात.’

‘कोन्या गधड्यानं टाकलं असन!’ शालिक हसला.

एका कडेला दोऱ्याची गाठ होती.
पोतं शिवायचा दोरा, दोनदा आतून घेतलेली गाठ,
माझी आई मारायची तशी.
चार वर्षांमागे आर्णीत टाकीचं झाकण हरवलं,
मीच पिशवी दुहेरी करून बांधली होती तोंडावर.
पुढे नवं झाकण आलं.
पिशवी कुठं गेली, कोणी विचारलं नाही.
मीही.

कय्यूमनं माझ्याकडे पाहिलं,
की नसेल पाहिलं.
‘फेक ते,’ शालिक म्हणाला.
मी फेकलं नाही. पुसून वहीत ठेवलं.
आता उधारीच्या साऱ्या नावांना डिझेलचा वास येतो.

मंगळवारी तीच चढण.
बावीस पोती, काटा पावाच्या खाली.
शालिक शीळ घालत तिसऱ्यावरच चढला.
मी बोलले नाही काही.
दगड तेवढा
पायाशी ठेवला होता.